लुटेफिस्क: पाण्यात घातला आणि गायब झाला

सागरगोटा (बर्गन):

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा माझा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

नॉर्वेत सहा वर्षं झाली. नोव्हेंबर लागला की इथल्या दुकानांच्या फ्रीजमध्ये एक पांढरट थलथलीत प्रकार पाकिटातून दिसायला लागतो, बघितलं की वाटतं जेलीफिश कापून भरलाय. हाच तो लुटेफिस्क. लूट म्हणजे इथे क्षाराचं पाणी, फिस्क म्हणजे मासा. आधी कॉड मासा खडखडीत वाळवायचा, मग तो भिजवायचा, मग क्षारात ठेवायचा, मग परत पाण्यात ठेवून तो क्षार काढायचा आणि मग खायचा. माणसाने एवढा खटाटोप का करावा हे मला पाच वर्षं कळलं नव्हतं म्हणून पाच वर्षं घेतलाच नाही.

यंदा घेतला. बायको म्हणाली कशाला, मी म्हटलं मासाच आहे ना, त्याचं काय अवघड. आईच्या पद्धतीने वाटण केलं, कोकम, चार तिरफळं, कालवणाला रटरट उकळी आली आणि त्यात हे तुकडे सोडले, झाकण ठेवलं आणि आईला व्हिडिओ कॉल लावला की बघ पोराने काय केलंय. झाकण उघडलं तर मासा नाही!! खोटं नाही सांगत, टोपात वर तरंगणारी कातडी, तळाशी चार काटे आणि बाकी सगळं कालवण खळीसारखं दाट. आई तिकडून म्हणते, अरे मासे घालायचे विसरलास का.

हे कमी म्हणून ढवळायला हाताला लागला तो लेकीच्या उष्टावणाचा चांदीचा चमचा. तो काळा पडला तो पडलाच. बायको तेव्हापासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतेय.

तर प्रश्न असा, हा प्रकार कुणी खाल्लाय का, केलाय का, आणि चमच्याला काही उपाय आहे का?


पोपटी:

हसून हसून पुरेवाट! "मासे घालायचे विसरलास का" ला खपले मी.


निखारा:

हाच ना तो डबा फुगतो आणि उघडला की लोक ओकतात तो? यूट्यूबवर बघितलाय. असलं कुजकं खाण्यापेक्षा उपाशी मेलेलं परवडलं.


सागरगोटा:

@निखारा, नाही हो, तो वेगळा आणि तो स्वीडनचा. सुरस्ट्रोमिंग म्हणतात त्याला, बाल्टिक समुद्रातला हेरिंग, अगदी कमी मिठात आंबवलेला. आंबणं डब्यातसुद्धा चालू राहतं म्हणून डबा फुगतो. ऑगस्टचा तिसरा गुरुवार हा त्याचा जुना मुहूर्त, आणि तिकडचे लोक तो डबा घरात उघडतच नाहीत, अंगणात, काही जण तर पाण्याखाली धरून उघडतात. यूट्यूबवाले बंद खोलीत उघडून नुसता चमच्याने खातात, मग ओकणार नाही तर काय. पातळ भाकरीसारख्या ब्रेडमध्ये उकडलेला बटाटा, कांदा आणि त्यात जरासा मासा असं ते खायचं असतं. आपलं वाटीभर लोणचं कुणी नुसतं खाल्लं तर त्याचाही व्हिडिओ चांगला होईल.

लुटेफिस्क कुजवलेला नाही आणि आंबवलेलाही नाही. तो सुकवलेला आहे.


शाकाहारी_सिंह:

मूळ धागाकर्त्याने तिरफळं फुकट घालवली याचं जास्त वाईट वाटलं.


रसायनकाका:

चमच्याचं आधी सांगतो. क्षारामुळे माशाच्या प्रथिनांतलं गंधक सुटं होतं आणि ते चांदीला धरतं, काळा थर बसतो. अॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी, खायचा सोडा आणि मीठ, त्यात चमचा फॉइलला चिकटेल असा ठेवा. बराचसा उजळेल. मात्र इथले लोक सांगतात की लुटेफिस्कने खाल्लेली चांदी परत येत नाही, तेव्हा वहिनींना आधी आशा लावू नका.

आता मासा कुठे गेला ते. प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना धरून असतात म्हणून मासा घट्ट असतो. क्षाराने, आजकाल कॉस्टिक सोड्याने, पीएच (आम्ल की क्षार ते सांगणारा आकडा, ७ म्हणजे मधला) ११-१२ पर्यंत नेला की सगळ्या साखळ्यांवर एकाच जातीचा म्हणजे ऋण भार येतो, त्या एकमेकींना ढकलतात आणि मधल्या जागेत पाणी शिरतं. मासा टम्म फुगतो, ताजा होता त्याहूनही मोठा दिसतो. पुढे चार-सहा दिवस पाणी बदलत राहिलं की पीएच खाली येतो, पण ती घडी परत नीट बसत नाही. म्हणजे तुम्ही जे विकत आणलं ते माशाच्या आकारात धरून ठेवलेलं पाणीच होतं बहुतेक. ते तुम्ही उकळत्या पाण्यात टाकलंत.

अवांतर: आपल्याकडे पेठ्याचा कोहळा चुन्याच्या निवळीत ठेवतात तो कडक राहावा म्हणून, कारण चुन्यातलं कॅल्शियम फळातल्या पेक्टिनला बांधतं. इकडे क्षाराने मासा मऊ होतो. उडदाच्या पापडातला पापडखारही क्षारच. नुसतं "क्षार घातला" म्हणून भागत नाही, कुठला आणि कशात ते महत्त्वाचं.


पोपटी:

काका, पण कॉस्टिक सोडा म्हणजे आपण मोरी तुंबली की टाकतो तोच ना??


रसायनकाका:

तोच. पूर्वी बर्च लाकडाची राख वापरायचे, तिच्यातला क्षार सौम्य. आता कारखान्यात कॉस्टिक सोडाच. घरी करायच्या भानगडीत पडू नका. क्षारात जास्त वेळ राहिला तर माशातल्या चरबीचा साबण होतो. गंमत नाही, फिनलंडमध्ये असल्या बिघडलेल्या माशाला शब्दच आहे, त्याचा अर्थ साबणमासा.


मिनेसोटामामी:

अय्या लुटेफिस्क! आमच्या इथे यावर अख्खं राज्य पोसलंय. मी मिनियापोलिसला बावीस वर्षं आहे. १९व्या शतकात नॉर्वेजियन आणि स्वीडिश लोक इथे शेती करायला आले ते हे सोबत घेऊन आले, आणि आता माझ्या ऑफिसातले नॉर्वेजियन आडनावाचे लोक सांगतात की नॉर्वेतल्या चुलतभावांपेक्षा आम्हीच जास्त खातो. शरद ऋतू सुरू झाला की लुथरन चर्चच्या तळघरात लुटेफिस्क जेवणं लागतात. तिकीट काढायचं, वर चर्चच्या बाकांवर बसून नंबर यायची वाट बघायची, मग खाली पंगत. अगदी पंगतच हो, लांब टेबलं आणि म्हातारे काका लोक एप्रन बांधून वाढायला, आग्रहसुद्धा तसाच. नॉर्वेजियन घरात वितळलेलं लोणी लागतं, स्वीडिश घरात पांढरा सॉस, आणि यावरून एका घरात नवरा-बायकोचं भांडण मी स्वतः ऐकलंय. ज्यांना मासा नको त्यांच्यासाठी मीटबॉल्स असतात, त्या रांगेत तरुण मंडळी जास्त.

मॅडिसन नावाचं छोटं गाव आहे मिनेसोटात, ते स्वतःला अमेरिकेची लुटेफिस्क राजधानी म्हणवतं आणि तिथे मोठ्ठा कॉड माशाचा पुतळा आहे. आणि शेजारच्या विस्कॉन्सिनचा किस्सा ऐका, तिथे कामगारांना विषारी पदार्थांची माहिती द्यायचा कायदा आहे, त्यात विषारी पदार्थाच्या व्याख्येतून लुटेफिस्क नाव घेऊन वगळलेला आहे. कुणातरी आमदाराने डोकं लावलं असणार.


निखारा:

म्हणजे कायद्याने सांगावं लागलं की हे विष नाही. माझं म्हणणं वेगळं काय होतं?


शाकाहारी_सिंह:

+१ निखारा


आगरीबाणा (उत्तन):

धागाकर्ते, मला त्या क्षाराचं काय पडलं नाय, मला सुकवण्याचं सांगा. मीठ लावतात का? उन्हात टाकतात की टांगतात? आमच्याकडे बोंबील वलांडीवर टांगतात, बांबूची लाइन, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि दोरीवर जोडी सोडून द्यायची, मीठबीठ काय नाय. ऊन आणि वारा. पण आमचं ऊन कडक. तिकडे बर्फात मासा सुकतोच कसा?


सागरगोटा:

@आगरीबाणा, तुम्ही नेमकं विचारलंत आणि खरं तर मला हेच लिहायचं होतं, चमच्याच्या नादात राहिलं.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये लोफोटेनला गेलो होतो. आर्क्टिक वर्तुळाच्या वर आहेत ही बेटं पण कोमट सागरी प्रवाहामुळे तिथे थंडी शून्याच्या आसपास घुटमळते, फार खाली जात नाही. ह्यातच सगळी मेख आहे. जास्त थंडी पडली तर माशात बर्फ धरून मांस फाटतं, जास्त ऊब आली तर माश्या बसतात आणि मासा सडतो. ह्या दोन्हींच्या मधली फट तिथे फेब्रुवारी ते मे अशी मिळते, आणि निसर्गाची कमाल बघा, बॅरेंट्स समुद्रातला मोठा कॉड अंडी घालायला लोफोटेनच्या किनाऱ्याला येतो तोही जानेवारी ते एप्रिलच. त्याला स्क्राय म्हणतात.

मीठ अजिबात नाही. डोकं उडवायचं, पोट साफ करायचं, दोन मासे शेपटीला बांधायचे आणि लाकडाच्या मांडवावर जोडी लटकवून द्यायची, एक या बाजूला एक त्या बाजूला. या मांडवाला येल म्हणतात. तुमची जबड्याची जोडी आणि यांची शेपटीची, एवढाच फरक, मी तिथे उभा राहून दहा मिनिटं बायकोला हेच सांगत होतो. हेनिंग्सवेर गावात घरांच्या मागे, रस्त्याच्या कडेला, खडकांवर, जिथे बघावं तिथे मांडव. वाऱ्याने मासे एकमेकांवर आपटतात आणि लाकडावर लाकूड वाजल्यासारखा टक टक आवाज येत राहतो. वास येतो, पण आपल्या सुक्याच्या मानाने काहीच नाही, थंडीमुळे असेल. मुंडकी वेगळी, दोरीत ओवून माळा करून लावलेली असतात, हजारो डोळे तुमच्याकडे बघतायत असं वाटतं, लेक घाबरून कडेवर आली ती उतरेना. आणि त्या मुंडक्यांच्या जिभा कापायचं काम शाळेतली पोरं करतात, जुनी पद्धत आहे, पैसे पोरांचेच. दहा-बारा वर्षांचा एक पोरगा उभ्या खिळ्यावर मुंडकं ठोकून एका झटक्यात जीभ काढत होता, माझ्याकडे न बघता.

मे-जूनपर्यंत मासा उतरवतात तेव्हा पाच किलोचा जेमतेम एक किलो उरतो. मग तो वर्षानुवर्षं टिकतो. या नुसत्या वाळवलेल्या माशाला टोर्रफिस्क म्हणतात, लुटेफिस्क ही त्याची पुढची पायरी.


आगरीबाणा:

पाचाचा एक. बोंबलात पाणी जास्त, तो त्याहून उतरतो. बाकी सगळं तेच आहे रे भावा. फोटो टाक.


जुनीपोथी:

उत्तम चाललाय धागा. थोडी इतिहासाची भर घालते.

ज्या काळात फ्रीज नव्हता त्या काळात वर्षानुवर्षं टिकणारं, हलकं, मीठही न लागणारं प्रथिन म्हणजे सोनंच होतं. धागाकर्ते राहतात त्या बर्गनची भरभराट या वाळक्या माशावर झाली. १४व्या शतकात जर्मन हान्सा (उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा संघ) व्यापाऱ्यांनी तिथे आपली वखार घातली, ते ब्रिग्गनचे लाकडी घरांचे रांगेने उभे असलेले रंगीत फोटो सगळ्यांनी बघितले असतील, ती जागा. उत्तरेचे कोळी मासा घेऊन यायचे, बदल्यात धान्य न्यायचे. आणि व्यापारी पुढच्या हंगामाची उचल देऊन ठेवायचे, म्हणजे कोळी पुढल्या वर्षी माल घेऊन त्याच्याच दारात. ही उचल कुठल्याही बंदरावर सारखीच दिसते.

दुसरी गंमत इटलीची. पिएत्रो क्वेरिनी नावाचा व्हेनिसचा सरदार-व्यापारी १४३१ मध्ये क्रीटहून वाईन वगैरे घेऊन उत्तरेकडे निघाला, वादळात जहाज भरकटलं आणि जानेवारी १४३२ मध्ये उरलेली मोजकी माणसं लोफोटेनच्या टोकाच्या रोस्ट बेटांपाशी लागली. तिथल्या कोळ्यांनी त्यांना मे महिन्यापर्यंत घरात ठेवून खाऊपिऊ घातलं. क्वेरिनीने लिहून ठेवलंय की हे लोक मासा मिठाशिवाय वाऱ्यावर वाळवतात, तो लाकडासारखा कडक होतो, मग कुटून लोण्याबरोबर खातात. आजही टोर्रफिस्कचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटलीच, आणि व्हेनिसकडची माणसं बक्काला (एरवी इटलीत खारवलेला कॉड) म्हणतात तेव्हा त्यांना हाच मासा अभिप्रेत असतो, खारवलेला नव्हे.

क्षारात भिजवण्याची कृती १५५५ मध्ये ओलाउस माग्नुस या स्वीडिश धर्मगुरूने लिहून ठेवली आहे, तेव्हा ती निदान तेवढी जुनी आहेच. व्हायकिंगांच्या माशाच्या वखारीला आग लागली, राखेवर पाऊस पडला आणि त्यातून लुटेफिस्क जन्मला ही गोष्ट इंटरनेटवर सगळीकडे दिसेल, ती सोडून द्या.


निखारा:

मी तीच गोष्ट लिहायला आलो होतो.


लागोस_रिटर्न:

इटलीचं झालं, मुंडक्यांचं विचारा! धागाकर्त्याने बघितलेल्या त्या माळा जातात कुठे? नायजेरियाला. मी लागोसला नऊ वर्षं होतो. तिथल्या बाजारात नॉर्वेचा वाळका कॉड आणि त्याची मुंडकी पोत्यांनी असतात. तिथल्या आग्नेय भागातले इग्बो लोक त्याला ओकपोरोको म्हणतात, भांड्यात टाकला की खडखड वाजतो म्हणून, असं आमचा स्वयंपाकी सांगायचा. खप आधीपासून थोडा होता पण १९६७ ते ७० च्या बियाफ्रा युद्धात (इग्बोंचा भाग नायजेरियातून फुटून निघाला त्यावरून झालेलं यादवी युद्ध) उपासमार झाली तेव्हा नॉर्वेतून मदत म्हणून हा मासा गेला, फ्रीज लागत नाही, प्रथिन भरपूर, आणि तेव्हापासून तो तिथल्या सूपमध्ये जो बसला तो बसला. मी आमच्या ड्रायव्हरला एकदा म्हटलं की हा मासा नॉर्वेचा आहे तर तो हसायला लागला. म्हणाला साहेब हा आमच्या गावचा.


पोपटी:

काय एकेक प्रतिसाद आहेत. वाचनखूण साठवली. पण सागरगोटा, शेवटी तुम्ही खाल्लात की नाही? चव सांगा ना.


सागरगोटा:

खाल्ला. शेजारच्या आजींकडे. (नॉर्वेजियनमध्ये अहो-जाहो आता उरलं नाहीये, सगळे एकमेकांना नावाने आणि तू, मला ते पंचाहत्तरीच्या बाईंना जमत नाही म्हणून मी मनात आजीच म्हणतो.) माझ्या कालवणाची गोष्ट ऐकून खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या रविवारी या.

त्यांनी काय केलं, तर तुकडे कातडी खाली करून ट्रेमध्ये ठेवले, वरून बरंच मीठ टाकलं, पाण्याचा थेंब नाही, फॉइल लावून २०० अंशावर चाळीसेक मिनिटं. बाहेर काढला तेव्हा ट्रेमध्ये पेलाभर पाणी सुटलेलं, ते ओतून दिलं. मिठाने पाणी ओढून घेतलं की मासा जरा धरतो. काट्याने दाबलं तर पाकळ्या सुटल्या पाहिजेत, पाकळ्या न सुटता थरथरला तर फसला.

चव खरं सांगू का, जवळपास नाहीच. मासळीचा अगदी लांबून आलेला वास, किंचित साबणाची आठवण, आणि जिभेवर अर्धी पाकळी अर्धी जेली. पहिला घास गिळताना मला लेकीची औषध घेतानाची तोंडं आठवली. पण त्यावर बेकनचं कढत तूप तुकड्यांसकट, बाजूला घोटलेले वाटाणे, उकडलेले बटाटे, मोहरीची चटणी, आणि बटाट्याची पातळ पोळी असते लेफ्सा नावाची. हे सगळं एका घासात आलं तर प्रकरण बदलतं. मासा इथे आपल्या भातासारखा आहे, नुसता भात कोण खातो. काही भागात तर वर काकवीसारखा पाक घालतात किंवा तपकिरी गोडसर चीज किसतात, त्यावर आजींचं मत छापण्यासारखं नाही.

बरोबर आकेविट, बटाट्याची दारू, शहाजिऱ्याच्या वासाची. दुसऱ्या पेल्यानंतर मासा आणखी चांगला लागला.


शाकाहारी_सिंह:

दुसऱ्या पेल्यानंतर दुधीही चांगला लागतो.


मिनेसोटामामी:

हो हो, बरोबर वर्णन! आमच्याकडे बेकन नाही, लोणीच, आणि चर्चमध्ये आकेविट नाही, त्यामुळे आम्ही ते सगळं शुद्धीवर राहून खातो, कौतुक आमचं करा.


जुनीपोथी:

एक राहिलं, हे नाताळच्या आसपासच का. कॅथलिक काळात नाताळच्या आधीचे आठवडे उपासाचे, मांस बंद, मासा चालायचा. मग १५३६-३७ ला तिथे धर्मसुधारणा झाली, म्हणजे देश कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झाला, उपास गेला, पण सवय राहिली.


निखारा:

उपासाला मासा. आमचा साबुदाणा उगाच बदनाम आहे. बरं ते जाऊ दे, चमचा उजळला का?


सागरगोटा:

काकांच्या फॉइलने बराच उजळला, दांडीवर डाग राहिलाय. बायकोने तो देवघरात ठेवलाय, म्हणजे माझ्या हाती लागणार नाही.

धागा वर काढतोय कारण काल एक झालं ते आगरीबाणांना सांगायचंय. आई गणपतीनंतर आली होती तेव्हा तिने आणलेले सुके बोंबील डब्यात होते, म्हटलं आजींनी एवढं खाऊ घातलं, आपण चटणी करून द्यावी. त्या स्वयंपाकघरातच आल्या. चटणीकडे बघितलंच नाही, डब्यातला एक बोंबील उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, पोटाच्या बाजूने बघितलं, वास घेतला, मग मोडला आणि मोडलेल्या टोकाचा परत वास घेतला. मी नुसता बघतोय. तेव्हा कळलं की त्यांचे वडील लोफोटेनला मासा निवडायचे, म्हणजे ते पट्टीचे लोक असतात जे एकेक मासा हातात घेऊन, बघून, हुंगून त्याची प्रत ठरवतात, वीसेक प्रती असतात, सगळ्यात वरच्या प्रतीला इटालियन वळणाचं राग्नो असं नाव आहे. आजी म्हणाल्या की मासा चांगला आहे, मीठ नाही हे बरं केलं, पण शेवटचे दिवस हवेत ओल होती. कुठल्या महिन्यात टांगलाय?

मला काय माहीत कुठल्या महिन्यात, आईने बाजारातून घेतला. तर बाणा, आता तूच सांग.


आगरीबाणा:

आजीला माझा नमस्कार सांग. आई गणपतीनंतर आली म्हणजे माल पावसाच्या आधीचा. मे महिन्याच्या शेवटाला टांगलेला असणार, ढग यायला लागतात, लोक घाईत उतरवतात. डिसेंबर-जानेवारीचा असता तर मोडताना कट्ट आवाज आला असता. आला होता का?


सागरगोटा:

नाही. वाकला आणि मग तुटला.


आगरीबाणा:

मेच. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, जानेवारीत मुंबईहून कोण येणार असेल तर चांगला पाठवतो. आजीच्या नावाने.